मराठी विषयओळ आणि मेल सर्व्हरचा फिल्टर

ई-मेल स्वीकारताना मेल सर्व्हर त्याच्या माथ्यावरील नोंदी, म्हणजे पाठवणारा, विषय, तारीख असे तपशील असलेले हेडर, व्यवस्थापकाने लिहून ठेवलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतो आणि नमुना जुळल्यास पत्र नाकारतो, रोखून धरतो किंवा त्याची केवळ नोंद करतो. वीत्से वेनेमा यांनी घडवलेल्या आणि 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पोस्टफिक्स या सर्व्हरमध्ये या सोयीला ‘हेडर चेक्स’ म्हणतात. नमुना बिनचूक दिसत असूनही तो लागू पडत नाही, ही या सोयीबाबतची नेहमीची अडचण असून मराठी पत्रांच्या बाबतीत तिचे मूळ बहुधा देवनागरी मजकूर कसा वाहून नेला जातो यात असते.

समजा, सप्तशृंगी गडाच्या परिसरातील वणी या गावच्या द्राक्ष-व्यापाऱ्यांना विषयात ‘वणी’ असा उल्लेख असलेली बनावट देयके येऊ लागली आणि व्यवस्थापकाने त्या शब्दाचा नमुना लिहिला, तरी ती पत्रे सहसा अडणार नाहीत. ई-मेलचे हेडर मुळात रोमन अक्षरांपुरते बेतलेले असल्यामुळे 1996 च्या आरएफसी 2047 या मानकानुसार देवनागरी विषय सहसा बेस64 या सांकेतिक लेखनात रूपांतरित होऊन प्रवास करतो आणि हेडर चेक्स हे लेखन न उलगडता, आहे तसेच तपासते. यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइटचे असते आणि बेस64 मध्ये 3 बाइटांची 4 अक्षरे होतात; त्यामुळे ‘वणी’ या 3 चिन्हांच्या शब्दाची 12 अक्षरे बनतात. मात्र आधीच्या शब्दानंतर 1 बाइटची मोकळी जागा आली की गटांची विभागणी सरकते आणि त्याच शब्दाचे रूप पार बदलते. शिवाय सांकेतिक तुकड्याची मर्यादा 75 अक्षरांची असल्याने एका तुकड्यात जेमतेम 15 देवनागरी चिन्हे मावतात, लांब विषय अनेक तुकड्यांत विभागला जातो आणि शोधायचा शब्द मधोमध तुटू शकतो.

म्हणून दोष शोधताना पहिले काम नमुना पुन्हा लिहिण्याचे नव्हे, तर आलेल्या पत्राचे कच्चे हेडर उघडून पाहण्याचे आहे. त्यानंतर ‘पोस्टमॅप’ या आज्ञेने तेच हेडर नियमांच्या तक्त्याला देऊन कोणता नियम लागतो ते तपासता येते. पोस्टफिक्स मुळातच लहान-मोठ्या रोमन अक्षरांत भेद करत नाही. इतर प्रणालींच्या सवयीने नमुन्यापुढे ‘आय’ ही खूण जोडल्यास इथे उलट तो भेद सुरू होतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

मराठी शब्दांवर आधारित नियम सांकेतिक लेखन उलगडून वाचणाऱ्या स्पॅमअसॅसिनसारख्या पुढच्या टप्प्यातील साधनात लिहिणे हाच खरा उपाय आहे, परंतु तेथे दुसरी काळजी घ्यावी लागते. ‘वणी’ हा अक्षरसमूह ‘सुनावणी’, ‘अंमलबजावणी’, ‘आठवणी’ या शब्दांतही आहे. त्यामुळे एरवी रास्त ठरणारा नियम न्यायालयीन सुनावणीची सूचनाही अडवू शकतो. शब्दाच्या आधी आणि नंतर काय येऊ शकते याची अट नमुन्यात घालणे त्यासाठी अपरिहार्य ठरते.

हेडर चेक्समध्ये कोणताही नवा नियम प्रथम काही दिवस केवळ लॉगमध्ये नोंद करणाऱ्या ‘वॉर्न’ या आदेशासह चालवावा आणि चुकीच्या जुळण्या दूर झाल्यावरच ‘रिजेक्ट’ वापरावा. ‘डिस्कार्ड’ या आदेशाने पत्र नष्ट होते, तरी पाठवणाऱ्याला ते पोहोचल्याचेच वाटते आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. तेव्हा शब्दांवर बेतलेल्या नियमात तो वापरूच नये.