दिव्याने ऐकले नाही तर?

पक्षाघातातून सावरलेल्या एक आजी खुब्याचे हाड मोडून आमच्या रुग्णालयात दाखल झाल्या. नातवाने हौसेने घरात आवाजावर चालणारे दिवे बसवले होते. ॲप अपडेट झाले आणि जड जिभेने उच्चारलेले आजींचे ‘लाईट लाव की’ त्याला कळेनासे झाले. अंधारात बाथरूमकडे जाताना त्या पडल्या.

असे ॲप आधी आवाजाचे शब्दांत रूपांतर करते, मग त्यातून हुकूम ओळखते. गूगल असिस्टंटला २०१८ पासून मराठी समजते. पण पक्षाघातात उच्चार अस्पष्ट होतात, कंपवातात आवाज क्षीण होतो. ॲप बनवणाऱ्यांनी प्रत्येक बदल अशा आवाजांवरही तपासायला हवा. घरच्यांनीही अपडेटनंतर स्वतः नव्हे, आजी-आजोबांनाच बोलायला लावून पाहावे.

बहुतेक ॲपना इंटरनेट लागते, विजेशिवाय तर काहीच चालत नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. म्हणून भिंतीवरची बटणे काढू नका. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा आणि उशाशी बॅटरी ठेवा. कुणी पडून पाय हलवता येत नसेल, तर ओढून उठवू नका. १०८ ला फोन करा.