बास येत नाही, म्हणजे नेमकं काय?

सबवूफरच्या खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला वॉटचा आकडा निवड करताना सगळ्यात निरुपयोगी असतो. ‘मॅक्स’ किंवा ‘पीक’ म्हणजे क्षणभराचा झटका. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाडीला साउंड बसवायला आलेलं गिऱ्हाईक ‘किती वॉटचा?’ असं विचारतं. कसलेला फिटर मात्र आधी आरएमएस वॉट आणि ओहम पाहतो. सबवूफर सलग किती शक्ती पचवेल आणि अ‍ॅम्प ती सलग देऊ शकेल का, हे या दोन आकड्यांवरून कळतं.

त्यातही घोळ होतो तो ओहमचा. प्रत्येकी ४ ओहमच्या दोन कॉइल असलेला सबवूफर समांतर जोडला तर अ‍ॅम्पला २ ओहमचा भार दिसतो, एकसर जोडला तर ८ ओहमचा. समजा, अ‍ॅम्प ४ ओहमवर ३०० आणि २ ओहमवर ५०० वॉट देतो. ८ ओहमवर तोच जेमतेम १५० वॉट देईल. मालकाची तक्रार असते की एवढे पैसे घालून बास येतच नाही, आणि दोष असतो फक्त जोडणीचा. उलट, असे दोन सबवूफर घेऊन चारही कॉइल समांतर जोडल्या तर भार १ ओहमवर येतो. किमान २ ओहमसाठी बनवलेला अ‍ॅम्प मग तापतो किंवा प्रोटेक्टचा लाल दिवा लावून गप्प बसतो. तारा सोडवून मल्टिमीटर लावला की खरं काय ते कळतं. ४ ओहमची धडधाकट कॉइल मीटरवर साधारण साडेतीनच दाखवते, कारण मीटर फक्त डीसी रोध मोजतो. काहीच आकडा आला नाही, तर कॉइल तुटली आहे.

पुढचं काम गेन लावण्याचं. गेन म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. डेककडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्पचा मेळ घालण्यासाठी तो असतो. वॉट आणि ओहम यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं: ५०० वॉट आणि २ ओहम असतील तर उत्तर येतं ३१.६ व्होल्ट. सबवूफरच्या तारा काढायच्या, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवायचा, डेक तीन चतुर्थांश आवाजावर ठेवून पूर्ण पातळीवर ध्वनिमुद्रित केलेला ५० हर्ट्झचा टोन लावायचा. मीटर एसी व्होल्टवर ठेवून स्क्रूड्रायव्हरने गेन हळूहळू फिरवायचा आणि ३१.६ च्या आत थांबायचं. लाट कुठे कापली जाते हे मीटर दाखवत नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, आणि ज्या दुकानात तो वापरतात तिथे दोन पैसे जास्त द्यायला माझी हरकत नसते.

कारण कॉइल जळतात त्या बऱ्याचदा कापलेल्या लाटेमुळेच. ऐपतीपलीकडे ताणलेला अ‍ॅम्प लाटेचे माथे कापतो. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोल लाटेच्या दुप्पट शक्ती कॉइलमध्ये ओतते. मग डिकीतून जळक्या वार्निशचा वास येतो. म्हणून छोटा अ‍ॅम्प पिळण्यापेक्षा थोडा मोठा घेऊन गेन आवरता ठेवणं मला केव्हाही बरं वाटतं.

दुसरा सबवूफर जोडल्यावर बास वाढायच्या ऐवजी गायब झाला, तर एकाचे प्लस-मायनस उलटे आहेत. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो आणि दोघांचा बास एकमेकांना खाऊन टाकतो. अ‍ॅम्पपासून सुटा केलेल्या सबवूफरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून पाहावा. प्लसला प्लस लागला की कोन बाहेर यायला हवा.

बासच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावत असतील तर दोष विजेच्या वाटेत शोधावा. इंजिन चालू असताना, जोराने वाजवत, आधी बॅटरीवर आणि मग अ‍ॅम्पच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावं. बॅटरीवर १३.८ आणि अ‍ॅम्पवर ११.५ दिसलं, तर मधली तार बारीक आहे किंवा अर्थिंग कच्चं आहे. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण तिचा रोध जास्त असतो. अर्थची तार रंग खरवडून उघड्या पत्र्यावरच घट्ट आवळावी लागते. आणि मुख्य फ्यूज बॅटरीजवळच, साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, नाहीतर पत्र्याला घासलेली तार गाडीच पेटवेल.

हे सगळं जुळूनही बास पोकळ वाटला तर पेटीकडे वळावं. ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात जे गणित मांडलं, त्यावरूनच आजही स्पीकरला किती लिटरची पेटी लागेल हे ठरतं. बंद पेटीच्या सांध्यातून हवा निसटली तर बासची पकड जाते. पोर्ट असलेल्या पेटीत, ती ज्या कंपनसंख्येला लावलेली असते तिच्या खाली कोनाला हवेचा आधार उरत नाही, तो बेफाम हलतो. तिथे सबसॉनिक फिल्टर चालू हवाच.

नव्या गाड्यांत आणखी एक अडचण भेटते. कंपनीचे कित्येक डेक आवाज वाढवला की मूळचे छोटे स्पीकर वाचवायला बास आपणहून कमी करतात. तिथे अ‍ॅम्प आणि सबवूफर बदलत बसून उपयोग नाही. कापलेला बास भरून काढणारा सिग्नल प्रोसेसर डेक आणि अ‍ॅम्पच्या मध्ये बसवावा लागतो.