इनहेलर खरंच घेतला का? क्लिनिकल ट्रायल आणि टाइमस्टॅम्पची गोष्ट

सबमिशनच्या आदल्या रात्री बसून अख्ख्या सेमिस्टरचं जर्नल लिहिलंय कधी? प्रत्येक प्रॅक्टिकलला वेगळी तारीख, आणि संशय नको म्हणून मध्येच पेनही बदललेलं? मी लिहिलंय. आता विचार करा, नव्या औषधाच्या चाचणीत कुणी असंच केलं तर?

केलंय. १९८६ साली अमेरिका आणि कॅनडात ‘लंग हेल्थ स्टडी’ सुरू झाली. ५,८८७ धूम्रपान करणारे लोक, सगळ्यांना सीओपीडीची, म्हणजे श्वासनलिका हळूहळू अरुंद करणाऱ्या आजाराची सुरुवात झालेली. त्यातल्या काहींना इप्राट्रोपियमचा इनहेलर दिला, काहींना तसाच दिसणारा पण औषध नसलेला. दिवसातून तीनदा, दोन-दोन पफ.

काही इनहेलरना नेब्युलायझर क्रोनोलॉग नावाचं यंत्र जोडलं होतं. पफ मारला की तारीख आणि वेळ सेव्ह. आपल्या भाषेत, लॉग फाइल. एका केंद्रावर १०१ जणांना हे यंत्र वेळ टिपतं याची कल्पना नव्हती. त्यातल्या ३० जणांनी तीन तासांत १०० पेक्षा जास्त पफ मारले! दिवसाला लागतात सहा. डॉक्टरांकडे जायच्या आधी इनहेलर रिकामा करून टाकायचा, की झालं ‘नियमित घेतलं’. ज्या १३५ जणांना यंत्राबद्दल आधीच सांगितलं होतं, त्यांच्यात असं करणारा फक्त एक निघाला.

यात धोका काय? न घेतलेलं औषध ‘घेतलं’ म्हणून मोजलं, की चांगलं औषधही निकामी दिसतं. किंवा डोस वाढवला जातो, आणि जो इमानदारीत घेतो त्याला तो जास्त होतो.

आता हे काम फोन करतो. मी अस्थमाच्या ट्रायलसाठी डायरी ॲपवर काम केलंय: सकाळी पीक फ्लो मीटरमध्ये जोरात फुंकायचं, आकडा टाकायचा, रात्री खोकला किती झाला ते सांगायचं. मी मोठ्या हौसेने ‘कालचं राहिलं? आत्ता भरा’ असं बटण केलं होतं. रिव्ह्यूमध्ये पहिलं तेच उडालं.

मग फोनचं घड्याळ. गेममध्ये लाइफ मिळवायला तारीख पुढे ढकलायची ट्रिक तुम्हाला माहीत असेलच. सर्व्हरची वेळ घ्यावी, तर गावात रेंज नसेल तेव्हा नोंद दोन दिवसांनी पोचते. म्हणजे माणूस खोटारडा ठरत नाही. त्यामुळे आम्ही फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला ते मोजणारा अँड्रॉइडचा काउंटरही सोबत साठवतो. तारीख बदलली तरी तो हलत नाही. आणि चुकलेला आकडा पुसता येत नाही. जुना तसाच राहतो, त्याखाली नवा येतो: कुणी बदलला, कधी, का. याला ऑडिट ट्रेल म्हणतात.

राहिलेला दिवस रिकामाच राहतो. रिकाम्या जागेचं गणित संख्याशास्त्रज्ञ सांभाळून घेतात. मागची तारीख टाकून भरलेल्या नोंदीचं कुणालाच जमत नाही. पण मुळात ते ३० जण फसवायला निघाले नसावेत, ओरडा खायचा नव्हता एवढंच, असं मला वाटतं. आमचं ॲप आधी रिकाम्या दिवशी मोठी लाल फुली दाखवायचं. ती काढली. आता साधा राखाडी ठिपका आहे.