दरवर्षी नवं शिंग!

यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे. तिथे येणारा प्रत्येक जण वाघ शोधत असतो. रस्त्याकडेच्या चितळाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. आता सांगा, वाघाच्या डोक्यावर कधी हाड उगवतं का? चितळाच्या उगवतं!

हो, चितळाचं शिंग म्हणजे चक्क हाड. नराच्या कवटीवर दोन खुंट असतात, ते कायमचे. खुंटावर बांगडीसारखं खडबडीत कडं. त्यातून निघतो लांब, बाकदार दांडा. दांड्याच्या बुडाशीच एक फाटा कपाळावर पुढे येतो आणि वर शेंड्याजवळ दांडा दुभंगतो. झाली तीन टोकं! सांबराचंही गणित हेच, शिंग मात्र जास्त जाड. टोकं मोजून वय सांगणारं कुणी भेटलं, तर गालातल्या गालात हसा. वयात आलेल्या चितळाला एका शिंगावर सहसा तीनच टोकं असतात, मग तो पाच वर्षांचा असो की आठ.

वाढणाऱ्या शिंगावर मऊ, लवदार कातडी असते. तिच्यातून रक्त खेळतं आणि शिंग शेंड्याकडून वाढतं. एवढं कॅल्शियम आणायचं कुठून? चाऱ्यातून. कमी पडलं तर स्वतःच्याच बरगड्यांतून उसनं! वाढ संपली की रक्त थांबतं, कातडी सुकते. मग नर झाडाच्या बुंध्यावर शिंगं घासत सुटतो. कातडीच्या लोंबत्या चिंध्या रक्ताने माखलेल्या. दिसायला भयंकर, पण त्याला त्याचं काही नाही. आता शिंग टणक झालं, टकरी घ्यायला मोकळा! पुढे शरीरातलं एक संप्रेरक कमी झालं की खुंटाजवळचं हाड झिजतं आणि शिंग गळून पडतं. चितळांचं वेळापत्रक एक नसतं बरं का. एकाच कळपात एक टणक शिंगांचा, एक लवदार शिंगांचा, तर एक बोडका!

काळवीट आणि शेतात घुसणारा रोही यांचं प्रकरण वेगळं. त्यांच्या शिंगात हाडाचा गाभा आणि वर नखासारखं टणक आवरण. फाटा नाही, गळणं नाही, एकच जोडी आयुष्यभर. चौसिंग्याच्या नराला तर दोन जोड्या!

आणि गळालेल्या शिंगाचं काय होतं? साळिंदर ते कुरतडून खातं, त्यालाही कॅल्शियम हवंच की. म्हणून जंगलात शिंग दिसलं तर उचलायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानेही मनाई आहे.