गावानं कवेत घेतलेलं थिएटर

बॉस्टनहून ग्रीन लाइनची 'सी' ट्राम पकडली, की थोड्याच वेळात कूलिज कॉर्नर येतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्यावरून हे नाव पडलं असावं, असं नव्या माणसाला वाटतं. पण तसं नाही. एकोणिसाव्या शतकात या नाक्यावर कूलिज बंधूंचं किराणा दुकान होतं, म्हणून हा कूलिजचा कोपरा. जॉन केनेडींचा जन्म झाला ते घरही इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण ब्रुकलाइनच्या माणसाला 'कूलिजला भेटू' म्हटलं, की त्याच्या डोळ्यांपुढे येतं ते कूलिज कॉर्नर थिएटर.

ही इमारत मुळात चर्च होती, १९०६ मध्ये बांधलेली. ब्रुकलाइन हे सुखवस्तू, शिस्तीचं गाव. चोहीकडे सिनेमाची थिएटरं उभी राहिली, तरी या गावानं कित्येक वर्षं एकही येऊ दिलं नाही. अखेर १९३३ च्या डिसेंबरमध्ये, वर्ष संपता संपता, चर्चचा कायापालट होऊन गावातलं पहिलं चित्रपटगृह सुरू झालं. त्या काळच्या आर्ट डेको शैलीतली सजावट मोठ्या हॉलमध्ये आजही बघायला मिळते. तिथे बसलं की मान आपोआप वर जाते.

पुढची काही दशकं ते इतर थिएटरांसारखंच चाललं. १९७० च्या दशकात जस्टिन फ्रीड यांच्या हाती कारभार आला आणि परदेशी चित्रपट, जुने अभिजात चित्रपट लागू लागले. विद्यार्थी, प्राध्यापक, रशियातून आणि पूर्व युरोपातून आलेले ज्यू आजी-आजोबा, सगळे एका रांगेत तिकिटाला उभे! आपल्याकडे फिल्म सोसायटीच्या खेळाला जसं दर्दी लोक जमायचे, तसंच. फरक एवढाच, की इथे सभासद असायची अट नव्हती. तिकीट काढा, आत जा.

मग व्हिडिओ कॅसेट आली, मल्टिप्लेक्स आले, आणि नाक्यावरच्या जागेला सोन्याचा भाव आला. १९८० चं दशक संपत आलं तेव्हा थिएटर जाणार, अशी वेळ आली. गावकऱ्यांनी सह्या गोळा केल्या, पैसे गोळा केले. डेव्हिड क्लायलर या सिनेमावेड्या माणसाच्या पुढाकारानं १९८८ मध्ये ना-नफा संस्था स्थापन झाली. शेकडो लोकांनी हातात हात घालून इमारतीभोवती साखळी केली, म्हणजे थिएटरला अक्षरशः मिठी मारली. इथली जुनी माणसं ही गोष्ट अजून रंगवून सांगतात. 'मी त्या कोपऱ्यात उभी होते,' असं आमच्या शेजारच्या आजी म्हणतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो.

पण खरी गोम पुढे आहे. नुसत्या मिठीनं थिएटर वाचलं नसतं. हॅरॉल्ड ब्राउन या बांधकाम व्यावसायिकानं इमारत विकत घेतली आणि ती संस्थेला ९९ वर्षांच्या करारानं चालवायला दिली. १९८९ मध्ये पडदा पुन्हा उजळला. माया, आठवणी, घोषणा यांचं रूपांतर एका कायदेशीर कागदात झालं, म्हणून आज तिथे सिनेमा लागतो.

हे वाचताना पुणेकरांना 'प्रभात' आठवलं असेल. आपलं प्रभात टॉकीज १९३४ चं, म्हणजे कूलिजच्याच वयाचं. मराठी चित्रपटाचं ते माहेरघर. तिथला करार संपला आणि २०१४ च्या अखेरीस वास्तू मूळ मालकांकडे परत गेली. 'किबे लक्ष्मी' हे नाव लागलं. पुणेकरांचा जीव त्या थिएटरवर कमी होता असं कोण म्हणेल? पण कागद संपला, तिथे जिव्हाळ्याचा इलाज चालला नाही.

मी या गावात आले त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात ओळखीचं कुणी नव्हतं, बाहेर गुडघाभर बर्फ. तेव्हा बुधवारी संध्याकाळी एकटीनं जाऊन बसता येईल अशी ही एकच उबदार जागा होती. पुढे मुलांना शनिवारी सकाळचे खेळ दाखवले. २००५ पासून इथे 'सायन्स ऑन स्क्रीन' चालतं. आधी एखादा शास्त्रज्ञ विषय समजावून सांगतो, मग त्याला धरून चित्रपट. ही कल्पना इथून निघून अमेरिकेतल्या इतर अनेक थिएटरांत पोहोचली.

सगळ्यात लाडकी आठवण आईची. ती सहा महिन्यांसाठी आली होती. इंग्रजी सिनेमा म्हटलं की 'मला काय कळणार?' असं म्हणून टाळायची. एकदा मूकपटाचा खेळ होता, समोर बर्कलीच्या संगीत महाविद्यालयाची मुलं प्रत्यक्ष वाद्यं वाजवत होती. चित्रपट मुर्नाव यांचा, १९२४ चा 'द लास्ट लाफ'. हॉटेलच्या म्हाताऱ्या दरवानाचा गणवेश काढून घेतात, त्याची गोष्ट. त्यात वाचायच्या पाट्याही जवळजवळ नाहीत. आई शेवटपर्यंत पदराला हात लावून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "अगं, हा तर आपल्या ऑफिसातल्या गणपतरावांसारखाच गं." त्यानंतर मूकपट कधी आहे, हे तीच विचारायची.

कोविडमध्ये वर्षभराहून अधिक काळ दारं बंद राहिली. तिकीट नाही, पॉपकॉर्न नाही, म्हणजे उत्पन्न नाही. पण सदस्यांनी वर्गणी थांबवली नाही, देणग्या दिल्या, घरबसल्या ऑनलाइन खेळांची तिकिटं काढली. थिएटर टिकलंच, वर २०२४ मध्ये दोन नवे पडदे वाढले. जुनी ३५ आणि ७० मिलिमीटरची प्रोजेक्टरंही तिथे जपली आहेत. फिल्मची रिळं चढवणारी माणसं आता कुठे बघायला मिळतात?

मंडळी, आपण परदेशात मराठी चित्रपटाचा खेळ लावतो तेव्हा काय करतो? आधी फोन करतो. 'तू येणार ना? तुझी चार तिकिटं धरू?' कारण तेवढी माणसं पैसे मोजणार असतील तरच हॉल मिळतो. कूलिजचं गणित तेच आहे, फक्त ते वर्षाचे ३६५ दिवस चालतं. घरात मोठा टीव्ही आहे, बोटावर हजार चित्रपट आहेत. तरीही महिन्यातून एकदा कोट चढवून जायचं, वर्षाची वर्गणी भरायची, हे ज्या गावात पुरेशी माणसं करतात तिथेच असं थिएटर राहतं.

तुम्ही ज्या गावात असाल तिथे असं एखादं जुनं थिएटर नक्की असेल. तिथल्या खिडकीवर सदस्य होण्याचा अर्ज मागा. बंद झाल्यावर 'काय दिवस होते!' म्हणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.