पाय जड होतात म्हणजे नक्की काय होतं?

सहाव्या सेमिस्टरनंतरच्या उन्हाळ्यात मी चाकणच्या एका कारखान्यात चार आठवडे इनप्लांट ट्रेनिंग केलं. काय शिकलो ते रिपोर्टमध्ये आहेच (निम्मा रिपोर्ट सिनियरचा आहे, हे सरांनाही माहीत आहे). रिपोर्टमध्ये न लिहिलेली गोष्ट म्हणजे माझे पाय. असेंब्ली लाइनवर आठ तास उभं राहायचं, मग तळेगाव चौकात बसची वाट बघत उभं, मग भोसरीपर्यंत बसमध्ये उभं. रूमवर येऊन बूट काढले की मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच घोट्याच्या वर उमटलेली असायची. पोटऱ्यांत शिसं ओतल्यासारखं वाटायचं.

शेजारच्या स्टेशनवर एक काका होते, खेड तालुक्यातलेच. वेगवेगळ्या ठेकेदारांकडे मिळून अठरा वर्षं लाइनवर. माझी तक्रार ऐकून हसले. "सवय होईल रे. आम्हाला कुठं काय झालंय?" एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी पँट जरा वर केली, तेव्हा काय झालंय ते दिसलं. पोटरीवर गांडुळासारख्या फुगलेल्या, वेड्यावाकड्या नसा. घोट्याच्या आतल्या बाजूला कातडी काळपट तपकिरी. आणि मधोमध रुपयाएवढी जखम. चार महिने भरत नव्हती. हळद लावून झाली, मेडिकलमधलं मलम लावून झालं. सुपरवायझरला सांगितलं तर 'उद्यापासून येऊ नका' म्हणेल ही भीती. म्हणून फडकं बांधून उभे राहत होते.

ती जखम आणि माझ्या मोज्याची खाच एकाच रस्त्यावरच्या दोन खुणा असू शकतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर बरंच वाचलं, एका डॉक्टरांना भंडावून सोडलं, ते इथे लिहितो.

हृदयाकडून रक्त नेतात त्या रोहिणी आणि परत आणतात त्या नीला. पायाकडे जाताना रक्ताला हृदयाचा पंप ढकलतो. परतीचा प्रवास मात्र सगळा चढाचा. घोट्यापासून हृदयापर्यंतची उंची साधारण 1.2 मीटर धरा, रक्ताची घनता 1060, आणि घनता गुणिले जी गुणिले उंची करा. उत्तर येतं साडेबारा किलोपास्कल, म्हणजे सुमारे 94 मिलिमीटर पारा. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळच्या नीलेत दाब खरोखरच 90 च्या आसपास असतो. फ्लुइड मेकॅनिक्सचं एखादं गणित आपल्याच पायात सुटलेलं बघून मला तरी फार आनंद झाला.

हा चढ रक्त चढतं ते पोटरीमुळे. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात आणि आतल्या नीला पिळून रक्त वर ढकलतात. ते परत खाली येऊ नये म्हणून नीलांमध्ये जागोजागी झडपा असतात, आपल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसारख्या. फॅब्रिशियसने 1603 मध्ये या झडपांवर पुस्तक लिहिलं, पण त्या रक्ताचा वेग कमी करायला आहेत असं त्याला वाटलं. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे याने 1628 मध्ये दाखवलं की झडपा रक्ताला एकाच दिशेने, हृदयाकडे, जाऊ देतात. (गुरूची चूक विद्यार्थ्याने काढली. आपल्याकडे व्हायवाला करून बघा.)

चालताना घोट्याजवळचा दाब 30 च्या आसपास किंवा त्याहून खाली येतो. लाइनवर एका जागी उभं राहिलं की पंप बंद आणि हेड तेवढंच. ज्यांच्या घरात हा त्रास आहे, वजन जास्त आहे, बाळंतपणं झाली आहेत किंवा पूर्वी पायात गुठळी झाली होती, त्यांच्या नीला पुढे ताणल्या जातात. नीला रुंदावली की झडपेचे दोन ओठ एकमेकांना भिडत नाहीत. झडप गळते, खालचा दाब वाढतो, नीला आणखी ताणते. मग पाणी बाहेर पाझरून सूज येते. लाल पेशी पाझरतात, त्यांच्यातलं लोह कातडीत साचतं आणि ती तपकिरी होते. शेवटी ती एवढी दुबळी होते की साध्या खरचटण्याचीही जखम भरत नाही. काकांचं तेच झालं होतं.

म्हणून पाय जड होतात तेव्हा एवढं बघा: त्रास संध्याकाळी वाढतो का, आणि पाय उशीवर ठेवून पडलं की कमी होतो का? नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबल्यावर खळगा राहतो का? तसं असेल तर नस दिसत नसली तरी डॉक्टरांना दाखवा. झडप गळते का, हे डॉपलर सोनोग्राफीत कळतं. आणि लगेच घाबरूही नका. रक्त कमी असणं, बी-12 ची कमतरता, थायरॉइड, सपाट तळवे, नाहीतर नुसते वाईट बूट, यांनीही पाय दुखतात. माझं प्रकरण बुटांचं आणि उभं राहण्याचं निघालं. मात्र एकच पाय अचानक सुजला, दुखला, गरम लागला, तर सबमिशन सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. ती आतल्या नीलेतली गुठळी असू शकते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

उपचारातली सगळ्यात जुनी गोष्ट म्हणजे बाहेरून दाब. आजचे घट्ट मोजे कॉनराड जॉब्स्ट नावाच्या एका इंजिनियरची देणगी. त्याला स्वतःलाच हा आजार होता. पोहण्याच्या तलावात उभं राहिलं की पायांना बरं वाटतं, हे त्याच्या लक्षात आलं. पाणी जितकं खोल तितका दाब जास्त. मग त्याने घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारा मोजा 1950 च्या सुमारास बनवला. हे मोजे मनाने घेऊ नयेत. रोहिणीत अडथळा असेल तर उलट इजा होते. गळकी नीला लेझरने किंवा शस्त्रक्रियेने बंदही करतात.

बसायला मिळणं ही काही मेहेरबानी नव्हे. 1948 च्या कारखाना कायद्यात, कलम 44 मध्ये, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीची तरतूद होती. 2018 मध्ये केरळने आणि 2021 मध्ये तमिळनाडूने दुकानांतल्या नोकरांसाठीही ती केली. आमच्या मेसच्या मावशी ओट्याशी तीन-तीन तास उभ्या असतात. तिथे एक स्टूल मी अजून पाहिलेलं नाही.

काकांच्या पगारातून ईएसआयची कपात होत होती, पण कार्ड घरी ट्रंकेत. ते घेऊन ते चिंचवडला, मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात गेले. डॉपलर झालं, दर आठवड्याला थरांचं घट्ट बँडेज सुरू झालं. दिवाळीपर्यंत जखम भरली. आता मोजे घालतात आणि स्टेशनवर टाचा वरखाली करत राहतात. लाइनवरची पोरं हसतात म्हणे. मोज्याचं इलॅस्टिक काही महिन्यांत सैल पडतं. परवा फोन केला तेव्हा दुसरी जोडी घ्यायला निघाले होते.