बोंडातला मेंडेल

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. २०२३ मध्ये एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातल्या शास्त्रज्ञांनी निषेध नोंदवला. आपल्या पुस्तकात तो आहे, हे चांगलंच. पण धडा पुस्तकात असणं वेगळं आणि मुलांना पटणं वेगळं. वाटाण्याचं ३:१ पाठ होतं, जिराफाच्या मानेवर टीप लिहिली जाते, गुणही पडतात. उत्क्रांती मात्र लाखो वर्षांपूर्वी कुठल्यातरी दूरच्या बेटावर घडून गेलेली गोष्टच राहते.

अहिल्यानगर जिल्ह्यात तरी तसं व्हायला नको. शेवगाव, नेवाशाकडच्या कपाशीत ती मुलांच्या डोळ्यांदेखत चालू आहे.

बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. तिच्यातल्या जिवाणूच्या जनुकामुळे झाड स्वतःच अळीला मारणारं प्रथिन तयार करतं. २००६ मध्ये दोन जनुकांचं बोलगार्ड-२ आलं. पुढे गुलाबी बोंडअळी आधी गुजरातमध्ये पहिल्या प्रथिनाला पुरून उरली, मग दुसऱ्यालाही; आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्राने तिचा तडाखा पाहिला. डोमकळी कपाशीवाल्या घरातल्या कोणत्याही मुलाला दाखवता येते. अळी आत शिरून पाकळ्या धाग्यांनी बांधून टाकते, त्यामुळे फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं राहतं. डार्विनच्या नैसर्गिक निवडीचा याहून जवळचा पुरावा कुठल्या प्रयोगशाळेत मिळणार?

हा धडा वर्गात खेळूनही शिकवता येतो, आणि साहित्य स्वयंपाकघरातलंच पुरतं. तुरीचे १८० दाणे आणि उडदाचे २० एका डब्यात मिसळायचे. तूर म्हणजे बीटीला बळी पडणारं जनुक, उडीद म्हणजे तग धरणारं. न बघता दोन-दोन दाणे काढले की प्रत्येक जोडी ही एक अळी. तग धरण्याचा गुण अप्रभावी, म्हणून दोन्ही दाणे उडदाचे असतील तीच अळी जगते. शंभर जोड्यांत अशी सरासरी एकच निघते. सगळं रान बीटीचं असेल तर पुढची पिढी फक्त तिच्यासारख्यांची. एका फेरीत डबा काळाभोर!

आता शंभरातल्या वीस जोड्या नॉन-बीटी ओळींत ठेवायच्या, तिथे कुणी मरत नाही. वाचलेल्यांतले दाणे मोजले तर उडदाचं प्रमाण, गणिताने, १० टक्क्यांवरून जेमतेम साडेतेरा टक्क्यांवर जातं. बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं वेगळं पाकीट का दिलं जायचं, ते मुलांना इथे कळतं. त्या ओळींतले साधे पतंग तग धरणाऱ्या पतंगांशी जुळले की पिल्लं तूर-उडदाची मिश्र होतात आणि बीटीवर मरतात. बऱ्याच बांधांवर ते पाकीट कधी पेरलंच गेलं नाही.

मेंडेल तर खुद्द बोंडातच बसला आहे. आपल्याकडे बीटी कपाशी विकली जाते ती बहुतेक सगळी संकरित. बोलगार्ड-२ ची दोन जनुकं स्वतंत्रपणे वाटली जातात, त्यामुळे संकरित झाडाच्या बोंडातल्या सरकीत ९:३:३:१ हे प्रमाण उतरतं. म्हणजे सोळा सरक्यांमागे सरासरी एकीत दोन्हींपैकी एकही विष नसतं, काहींत एकच असतं. गुलाबी बोंडअळी खाते ती नेमकी सरकीच. अर्धवट विष पचवत तग धरायची संधी तिला त्याच बोंडात मिळते, असं कापूस शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. पुस्तकातला चौकट-तक्ता फळ्यावर काढावा आणि शेजारी एक बोंड फोडून ठेवावं. तक्ता कशासाठी असतो हे वेगळं सांगावं लागणार नाही.

चीनमध्ये याच गणिताने उलट काम केलं. यांग्त्सेच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी संकराच्या दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं, तेव्हा शेतात ३:१ प्रमाणे पाव झाडं आपोआप बिगर-बीटी निघाली. त्यांनी साध्या पतंगांना आसरा दिला आणि अळीतली प्रतिकारशक्ती घटली, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं.

कपाशी नसलेल्या तालुक्यांनाही साहित्याची वानवा नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या, शाळेत न गेलेल्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली ती गावरान बियाणं जपल्याबद्दल. त्यांच्या बियाणे बँकेत वाल-घेवड्याचे अनेक वाण आहेत. घेवड्याच्याच बियांवर डेन्मार्कच्या विल्हेल्म योहानसन यांनी १९०३ मध्ये प्रयोग मांडला. शुद्ध वाणातली जड बी पेरा की हलकी, पुढच्या पिढीचं सरासरी वजन तेच येतं, कारण तो फरक आनुवंशिक नसतो. ‘जीन’ हा शब्दही पुढे १९०९ मध्ये त्यांनीच दिला. ग्रॅमच्या अपूर्णांकापर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा आणि परसातला वाल एवढ्यावर नववीचा वर्गसुद्धा हा प्रयोग करू शकतो.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले त्रिवेणी’ गाय हे तर तयार उदाहरण. तिच्यात निम्मा वाटा होल्स्टिन फ्रिजियनचा, पाव जर्सीचा, पाव गीरचा. मुलांना फक्त हा हिशेब द्यायचा आणि विचारायचं: कोणाचा संकर आधी झाला असेल?

दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होतं, तेव्हा कपाशीची वेचणी चालू असते. जीवशास्त्राच्या शिक्षकांनी त्या आठवड्यात प्रत्येक मुलाला किडकी पाच बोंडं आणायला सांगावं, ती वर्गात फोडून अळ्या मोजाव्यात, वहीत गाव आणि बियाण्याचा वाण लिहून ठेवावा. पुढच्या वर्षी त्याच गावांतून पुन्हा मोजणी करावी.